चैत्रातला पट आणि एका रुपयाची गोष्ट

थोडं मोठं लिहिलंय. पण ज्यांच्या गावात अजून जिल्हा परिषदेची शाळा चालू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं असं आपण म्हणतो. नवी पुस्तकं, नवा गणवेश, पहिला पाऊस वगैरे. पण जिल्हा परिषदेच्या कुठल्याही गुरुजींना विचारा, शाळेचं खरं वर्ष चैत्रात ठरतं. आत्ता आपल्या जिल्ह्यात फिरलात तर दिसेल. ज्वारीची काढणी उरकलीय, सकाळची शाळा सुरू झालीय, चौथीच्या पोरांचा निरोप समारंभ झालाय किंवा व्हायचाय. कुठं आनंद बाजार भरलाय आणि तिसरीतली पोरगी शेंगाचटणीच्या पुड्या मांडून हिशेब करतीय. आणि शाळा सुटली की गुरुजी आणि बाई उन्हात घरोघरी फिरतायत. हातात वही. अंगणवाडी ताई सोबत. प्रश्न एकच, "यंदा पहिलीला कोण आहे हो तुमच्याकडं?"

या मोहिमेला नाव आहे, 'गुढीपाडवा, पट वाढवा'. पाडव्याला गुढी उभारायची आणि त्याच दिवशी पहिलीत येणाऱ्या लेकरांची नावं नोंदवायची. कुठं बैलगाडीतून मिरवणूक, कुठं फुगे, कुठं कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर लेकराचं पहिलं पाऊल उमटवून घेतात. फोटो चांगले येतात, तुम्हीही बघितले असतील.

त्या फोटोंच्या मागं काय आहे ते सांगायला ही पोस्ट आहे. कारण शंभर वर्षांपूर्वी याच्या बरोबर उलटं चित्र होतं. तेव्हा शाळेत लेकरू न पाठवणाऱ्या बापाला दंड व्हायचा. आज लेकरू मिळावं म्हणून शाळा बापाच्या दारात जाते. हे कसं झालं?

आधी पट म्हणजे काय ते बघू. हजेरीपटावर जितकी नावं तो शाळेचा पट. साधा शब्द आहे. पण शिक्षक किती मिळणार, वर्गखोली मंजूर होणार का, खिचडीचा तांदूळ किती येणार, सगळं या आकड्यावर. वर्षातून एकदा संचमान्यता होते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरतं. पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' होतो आणि त्याचं दुसरीकडं समायोजन होतं. उरलेला एक गुरुजी मग चार वर्ग एकटा सांभाळतो. पालक हे बघतो आणि म्हणतो, इथं एकच मास्तर, पोरगं शिकणार कसं? तो दाखला काढतो. पट आणखी घसरतो.

आता मागं जाऊ.

१८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. सरकारी तिजोरीतला पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आधी खेड्यातल्या प्राथमिक शाळेकडं बघा, निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातलाच असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल, हेही त्यांनी सांगितलं. सरकारने ऐकून घेतलं. सक्ती काही झाली नाही.

त्यानंतरची मोठी लढाई गोपाळ कृष्ण गोखल्यांची. तारीख लक्षात ठेवा, १६ मार्च १९११. त्या दिवशी त्यांनी इंपीरियल कौन्सिलमध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी किती माफक होती बघा. सगळ्या देशात एकदम सक्ती नको. जिथं आधीच ठराविक प्रमाणात मुलं शाळेत जातात, तिथल्या नगरपालिकेने आणि लोकल बोर्डाने ठरवलं तर सक्ती करता यावी. तीही सुरुवातीला सहा ते दहा वयाच्या मुलग्यांसाठी. वर्षभर चर्चा झाली आणि १९ मार्च १९१२ ला ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. लोकांची तयारी नाही, पैसा नाही, ही कारणं. विरोधात फक्त गोरे साहेब होते असं समजू नका, आपलेही काही जमीनदार आणि मानकरी होते. शेतमजुराचं पोरगं शाळेत गेलं तर गुरं कोण राखणार, ही भीती कुणी उघड बोललं, कुणी मनात ठेवलं.

गोखले १९१५ ला गेले. पुढं दोनच वर्षांनी, १९१७ साली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. जो पालक लेकराला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे मजुराच्या घरात मोठी रक्कम. लोक आजही हा दंड कौतुकाने सांगतात. पण तेवढंच सांगणं अर्धवट आहे. दंड लावायच्या आधी शाळा दारात आणावी लागते, फी माफ करावी लागते, तिजोरीतून पैसा काढावा लागतो. महाराजांनी आधी आपली बाजू पुरी केली, मग रयतेला रुपया मागितला.

१९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला. नगरपालिकांना सक्तीची मुभा मिळाली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडं गेला, जिल्ह्याचं स्कूल बोर्ड आलं. आपल्याकडं म्हातारी माणसं अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात ना, तो शब्द तिथला. शाळा जिल्हा परिषदेची होऊन साठ वर्षं उलटली तरी तोंडात बोर्डच आहे.

याच काळात सोलापुरात एक गोष्ट घडली. ४ जानेवारी १९२५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने इथं विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. जीवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळलं. सोलापूर नगरपालिकेने महिन्याला ४० रुपये अनुदान दिलं. आपल्या गावाने हे विसरू नये. शाळेचा दरवाजा उघडा असून भागत नाही, पोराच्या राहण्या-खाण्याची सोय लागते, हे तेव्हाच कुणाला तरी कळलं होतं आणि नगरपालिकेने त्याला पैसे दिले होते.

दोन वर्षांनी बाबासाहेब मुंबई कौन्सिलचे सदस्य झाले. १२ मार्च १९२७ ला अर्थसंकल्पाच्या चर्चेत त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा हिशेब मांडला. पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. म्हणजे त्यांच्यावर केलेला खर्चही वाया. नाव नोंदवलं म्हणजे शिकलं असं होत नाही, हे त्यांनी आकड्यात दाखवलं. मला विचाराल तर आजच्या प्रत्येक पट वाढवा मोहिमेच्या फलकाखाली हे वाक्य लिहायला पाहिजे : शंभरातले अठरा.

आता आपल्या जिल्ह्यात पोरं मध्येच का गळायची? याला वेगळं संशोधन लागत नाही, शेतीचं वेळापत्रक बघा. सोलापूर म्हणजे रब्बीचा जिल्हा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी थंडीवर येते आणि फेब्रुवारी-मार्चला काढणीला येते. म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर सुगी. आई शेतात, तान्हं भाऊ-बहीण घरी, ते सांभाळायला कोण? दुसरीतली पोरगी. तिचा एकदा महिना चुकला की गणित चुकलं. गणित चुकलं की शाळेची भीती. तिच्या बापाला 'अडाणी, शिक्षणाचं महत्त्व नाही' म्हणणं सोपं आहे. तान्ह्याला कोण बघणार, याचं उत्तर देणं अवघड.

ते उत्तर सरकारने हळूहळू शोधलं आणि तेही श्रेय द्यायला हवं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. शाळा गावाच्या हाताजवळ आली. ७२ च्या दुष्काळात सुकडी वाटली गेली, आपल्या पिढीचे आई-वडील ती चव अजून सांगतात. १९७५ ला देशात अंगणवाडीची योजना सुरू झाली, म्हणजे तान्ह्याची सोय झाली आणि मोठी बहीण मोकळी झाली. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहार आला. आधी घरी न्यायचा तांदूळ. मग नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तांदूळ नको, शिजवलेलं अन्न द्या. त्यातून शाळेतली खिचडी आली. २० एप्रिल २००४ ला त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या. ती आपल्या फार कामाची. २०२३ च्या ३१ ऑक्टोबरला राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा हे आपले पाच होते.

आणि या सगळ्यात एक रुपया आहे.

१९९२ साली राज्याने मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातल्या गरीब घरची पहिली ते चौथीतली मुलगी शाळेत आली की दिवसाला एक रुपया. १९१७ ला बापाकडून एक रुपया दंड घेणारी व्यवस्था पंचाहत्तर वर्षांनी लेकीच्या हातात एक रुपया ठेवत होती. मला यात आपल्या प्राथमिक शिक्षणाचा अख्खा इतिहास दिसतो. गरिबाला दंड करून शिकवता येत नाही, त्याच्या घरची अडचण कमी करावी लागते, हे मान्य करायला आपल्याला तेवढा वेळ लागला. आता दुसरी बाजू. महागाई कुठल्या कुठं गेली आणि तो रुपया कित्येक वर्षं रुपयाच राहिला. योजना सुरू करताना मन मोठं असतं, चालवताना विसर पडतो.

मग १ एप्रिल २०१०. शिक्षणहक्क कायदा लागू झाला. परत तारीख बघा, चैत्रच. गोखल्यांचं विधेयक पडल्याला ९८ वर्षं झाली होती. या कायद्याने पारडं फिरवलं. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिकवण्याची जबाबदारी सरकारची. मूल शाळेत नसेल तर सरकारने त्याला शोधून आणायचं. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, हे कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय.

म्हणजे गुरुजी उन्हात फिरतायत ते उपकार म्हणून फिरत नाहीत, तो कायद्याचा अर्थच आहे. मग माझी तक्रार काय?

तक्रार ही, की जबाबदारी सरकारची असली तरी शिक्षा पटाला होते. आणि याची सुरुवात काही प्रमाणात आपणच करून दिली, हेही खरं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. कागदावर असलेली सुमारे वीस लाख मुलं वर्गात सापडली नाहीत. अनुदानासाठी, तुकडी टिकवण्यासाठी खोटी नावं भरली होती. त्या तीन दिवसांनी शाळेच्या हजेरीपटावरचा विश्वास उडाला. तेव्हापासून पट म्हटला की अधिकारी आधी संशयाने बघतो. ज्यांनी खोटी नावं लावली त्यांच्यातले कितीतरी निवांत राहिले आणि वाडीवस्तीवरची खरी बारा लेकरं मात्र दरवर्षी संख्येचा जाब देतायत.

२१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण विभागाचं पत्र निघालं, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार. राज्यात अशा १४,७८३ शाळा आणि त्यात १ लाख ८५ हजारांवर मुलं, असा आकडा तेव्हा पुढं आला. सरकारचं म्हणणं सगळंच खोटं नाही. सात मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही, स्नेहसंमेलन होत नाही, एकाच वयाचं सोबती मिळत नाही. पण करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या वस्तीवरून सहा वर्षांचं लेकरू चार किलोमीटरवर रोज जाणार कसं? गाडी येणार म्हणतात. पहिल्या वर्षी येईल. तिसऱ्या वर्षी बिल थकलं की काय? आणि गाडी बंद झाली की आधी कोण घरी बसणार, मुलगा की मुलगी, हे मी सांगायची गरज नाही.

त्यानंतर १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आला. त्यातला बोचणारा भाग सहावी ते आठवीचा. तिथं वीसचा पट नसेल तर शिक्षकच मंजूर नाही. शिक्षक संघटनांनी २५ सप्टेंबर २०२४ ला सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. लोक म्हणाले, मास्तरांना पगार कमी पडतोय का? पगाराचा प्रश्न नव्हता हो. सातवीतल्या पोरीला गावात शाळा राहणार का, हा होता.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर अकरा तालुके आणि जिल्हा परिषदेच्या पावणेतीन हजारांच्या आसपास प्राथमिक शाळा. हा पसारा एका साच्यात बसत नाही. अक्कलकोटात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. शहरात महापालिकेने मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा माध्यमांच्या शाळा चालवल्या, कारण गिरण्या आणि हातमागांनी वेगवेगळ्या बोलीची माणसं इथं आणली. विणकराच्या घरातलं तेलुगू बोलणारं लेकरू एकेकाळी त्याच्या आईच्या भाषेत पहिली शिकायचं. आता बरीचशी लेकरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत दिसतात. पालकांना नावं ठेवून उपयोग नाही. त्यांना इंग्रजी हवंय कारण नोकरी तिथं दिसते.

शिवाय ऊस. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला आपला जिल्हा. दिवाळी झाली की मराठवाड्यातून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात, सोबत लेकरं. त्यातली काही फडाजवळच्या शाळेत बसतात, पुष्कळशी कोपीवर थांबून धाकट्यांना सांभाळतात. मार्चच्या आसपास पट्टा पडला की टोळी परत. ही लेकरं दोन गावांच्या मध्ये आहेत. तिथं नाव आहे पण लेकरू नाही, इथं लेकरू आहे पण नाव नाही. आकड्याने शाळा मोजणाऱ्या पद्धतीत त्यांची जागा कुठं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

निराशाच सांगतोय असं वाटायला नको. माढा तालुक्यातलं परितेवाडी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकायची त्यांची कल्पना पुढं बालभारतीच्या पुस्तकांत आली. त्यांनी हे करून दाखवलं ते एका छोट्या वस्तीच्या शाळेत. पट बघून शाळेची किंमत ठरवायची असती तर ती शाळा जगाच्या नकाशावर आलीच नसती.

दुसरं चांगलं, एप्रिल २०२२ चं. करोनाने दोन वर्षं शाळा बंद होत्या. अंगणवाडीचं तोंडही न बघितलेली लेकरं थेट पहिलीत येणार होती. तेव्हा राज्यभर शाळापूर्व तयारी मेळावे झाले. शाळेत सात टेबलं मांडायची. एकावर नाव नोंदवायचं, एकावर उडी मारून दाखवायची, एकावर वस्तू मोजायच्या, एकावर गोष्ट सांगायची, असं. आणि आईला सांगायचं की सुट्टीत घरी काय करून घ्यायचं. आयांचे गट झाले, मोबाइलवर छोटे व्हिडिओ यायला लागले. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की ज्या आईला स्वतःला शाळा पुरी करता आली नाही तिला कुणीतरी सांगितलं, बाई, तुझ्याकडनं पण हे लेकरू शिकतं. भाकरी मोजताना, डाळ निवडताना. १९१७ ला जिच्या घरावर दंड लागला असता ती आज शाळेच्या बाजूने उभी आहे.

आता वरच्या कारभाराचं एक उदाहरण देतो आणि थांबतो. २०२५ ला वार्षिक परीक्षेचं राज्यभर एकच वेळापत्रक आलं, ८ ते २५ एप्रिल. त्याच वेळी २८ मार्चच्या आदेशाने प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ ठेवायला सांगितली, कारण ऊन. सोलापुरात एप्रिलचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको, पारा चाळिशीच्या खाली येत नाही. वर्ष पूर्ण चालावं हा हेतू चांगला. पण एप्रिलअखेर परीक्षा, १ मे ला निकाल आणि याच दिवसांत घरोघरी फिरून नवी भरती, हे सगळं एकाच गुरुजीने करायचं असेल तर पेपर कधी तपासायचे? मुंबई-पुण्यात बसून ठरवलेलं वेळापत्रक वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत काय होऊन पडतं, हे बघायला कुणीतरी यावं.

तर आपण काय करायचं?

चैत्रात गावोगाव जत्रा आहेत. पंढरपुरात चैत्री भरते. पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी गावी येतात, मंदिराच्या शिखराला आणि कुस्त्यांच्या फडाला पावत्या फाडतात. फाडाव्यात. पण त्याच फेरीत दहा मिनिटं शाळेत जा. मुख्याध्यापकांना विचारा, पट किती, शिक्षक किती, संचमान्यतेत काय झालं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत, हा कायदा आहे. त्या समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. उसाच्या कोपीवर या हंगामात किती लेकरं होती आणि त्यातली किती वर्गात बसली, ते विचारा. आणि गेल्या पाच वर्षांत पहिलीला आलेल्यांपैकी किती पाचवीत पोचले, तेही विचारा. बाबासाहेबांचा अठराचा हिशेब आपल्या गावापुरता तरी काढून बघा.

शाहू महाराजांनी रुपया मागितला तेव्हा आधी स्वतःची बाजू पुरी केली होती. आज पालकाने लेकरू शाळेच्या हवाली करून आपली बाजू पुरी केलीय. बारा लेकरं असली तरी ती बारा आहेत. त्यांना शिक्षक द्या.

तुमच्या गावच्या शाळेचा पट किती आहे, शिक्षक किती आहेत, खाली लिहा. शाळेचं आणि तालुक्याचं नाव टाका, लेकरांची नावं टाकू नका.